तेवीस पॉइंटांची बाई

माझा रागावर ताबा नाही असं सासूबाई म्हणतात आणि वजनावर ताबा नाही असं कंपनीचे एचआर साहेब म्हणाले. सासूबाईंचं खरं आहे. साहेबांच्या म्हणण्याबद्दल मला थोडं बोलायचंय.

चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर आहे. लाइनवरून आलेला तुकडा हातात घ्यायचा, गेज लावायचं, बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. आठ तास उभ्याने. या अकरा वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेला एकही तुकडा कस्टमरकडून परत आलेला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी फुशारकीनेच सांगते. केलंय तर का नाही सांगायचं?

गेल्या आषाढात पाचवी लाइन टाकायचं ठरलं आणि तिच्यावर लाइन लीडर म्हणून माझं नाव पुढे आलं. आधीच्या चारही लाइनींवर पुरुष. आमच्या प्लांटमध्ये या जागेवर बाई बसलेली नव्हती. मला त्या खुर्चीचं काही नव्हतं, लाइन लीडरला तशीही खुर्ची नसतेच. मला हवं होतं ते लाल बटण. लाइन थांबवायचं बटण फक्त लीडरने दाबायचं असतं. मी टेबलावरून ओरडायची, "अहो, बोअर वाढायला लागलाय, भोक मोठं पडतंय, थांबवा," आणि लीडर म्हणायचा, "जाऊ द्या ताई, शिफ्ट संपू द्या." मग उरलेल्या शिफ्टभर मी लाल ट्रे भरत बसायची. अकरा वर्षं ते बटण मी चार हातांवरून बघत आले होते.

एचआर साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं, चहा दिला आणि चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "फक्त एक फॉर्मॅलिटी आहे. मेडिकल फिट लागतं."

मेडिकल रूममधल्या काट्यावर माझं वजन अठ्ठ्याहत्तर भरलं. तक्त्यात माझ्या उंचीसमोर सत्तर लिहिलेलं होतं. साहेब म्हणाले, बारा आठवडे हातात आहेत आणि योगायोगाने कंपनीने खास प्रोग्रॅमही आणलाय. योगायोग बिगायोग काही नव्हता. पोस्टर आधीच छापून आलेलं होतं, त्यावर एक शिडशिडीत बाई सफरचंदाकडे बघून हसत होती.

प्रोग्रॅम असा की प्रत्येक पदार्थाला पॉइंट. दिवसाला तेवीस पॉइंट खायचे, मोबाइलमध्ये लिहायचे, आठवड्याला वजन करायचं. कँटीनमध्ये पडद्यावर एक आहाराच्या मॅडम आल्या आणि गोड आवाजात समजावून सांगू लागल्या. चपाती तीन, वाटीभर भात चार, वडापाव अकरा, काकडी शून्य. ओट्स होते, ब्राऊन ब्रेड होता, कसलं कसलं परदेशी फळ होतं. मी हात वर केला.

"मॅडम, भाकरी?"

त्यांनी यादी वरखाली केली. "रोटी धरा ना."

"कुणाच्या घरची रोटी? आमच्या एका भाकरीत तुमच्या तीन रोट्या पाय पसरून झोपतील."

कँटीन हसलं. मॅडमही हसल्या आणि पुन्हा काकडीकडे वळल्या. मला तेव्हाच खटकलं. ज्या मापात आमची भाकरीच नाही, त्या मापाने हे लोक मला मोजणार होते.

घरी तळवड्याला आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या लातूरकडच्या. पंचवीस वर्षं इथे राहून त्यांनी इथलं पाणी मान्य केलंय, गहू अजून केलेला नाही. त्या म्हणाल्या, "पाइंट म्हंजी काय गं? खाण्याला मार्क? मग नापास झालं की काय, खाल्लेलं माघारी द्यायचं?"

मी भाकरी मोजायचं ठरवलं. यादीत नाही म्हणून सोडून देणारी मी नव्हे. आमच्याकडे नवा भाग आला की पाच नमुने घेऊन मापं काढतात, तसे मी पाच भाकरी घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवल्या. एकशे बेचाळीस ग्रॅम, एकशे साठ, एकशे अडतीस... मी वहीत लिहीत होते आणि मागून सासूबाई बघत होत्या.

"माझ्या भाकरीला काटा लावतीस?" त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं थापायलेय. तुझ्या सासऱ्यानं कदी लावला न्हाई."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरडी माझ्यासमोर आपटली आणि म्हणाल्या, "घे, मोज." मी मोजल्या. पाचही भाकरी एकशे वीस ग्रॅमच्या, फरक फार तर दोन ग्रॅमचा. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाई गं, हा हात आमच्या मशीनला नाही. एका भाकरीचे मी सहा पॉइंट ठरवले, मॅडमला न विचारता, आणि आमच्या घरात तोच कायदा झाला.

मग लागला श्रावण. मला वाटलं, उपवासाचे दिवस, पॉइंट वाचतील. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या लोकांनी उगाच म्हणून ठेवलेलं नाही. साबुदाण्याच्या एका बशीचे पॉइंट बघून मी मोबाइल उलटा ठेवला. पंधरा! दाण्याच्या कुटासकट, तुपासकट, देवासकट पंधरा. त्यापेक्षा देवाची माफी मागून भाकरी खाल्लेली परवडली. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "देव काय तुझा मोबाइल बघत न्हाई."

माझ्या टेबलाशेजारी जी काम करते, तिचं तर वेगळंच. तिला प्रमोशन बिमोशन काही नव्हतं, आठ किलो उतरवणाऱ्याला मिळणाऱ्या स्टीलच्या डब्यासाठी ती प्रोग्रॅममध्ये शिरली होती. यादीत उकडलेलं अंडं शून्य होतं. श्रावण संपला तशी ती डब्यात सहा अंडी घेऊन यायला लागली. मी म्हटलं, "अगं, सहा?" तर म्हणाली, "शून्याला सहाने गुणलं तरी शून्यच की." तिचं वजन दीड किलोने वाढलं. गणितात तिची चूक काढता येत नव्हती.

खोटं कशाला बोलू, पॉइंटांनी मला काही शिकवलंही. कंपनीचा चहा दिवसातून चार वेळा आणि प्रत्येक चहाबरोबर बिस्किटाचा अर्धा पुडा, हे मी कधी खाणं म्हणून धरलंच नव्हतं. हातात आलं म्हणून तोंडात गेलं. ते बंद झालं आणि महिन्याभरात कंपनीच्या बसची पायरी चढताना गुडघा बोलायचा थांबला. हे मी मान्य करते. पण गुडघ्यासाठी कुणी मला काट्यावर उभं केलं नव्हतं.

नववा आठवडा वाईट गेला. काटा हलेना. तीन किलो उरले होते आणि मी घाबरले. ते बटण हातातून जाणार असं वाटायला लागलं. मग मी तेवीसचे सतरा केले. दुपारची अर्धी भाकरी, रात्री नुसती काकडी. मोबाइलमधल्या प्रोग्रॅमने मला शाब्बासकी दिली, हिरवा अंगठा दाखवला. चौथ्या दिवशी दुपारी टेबलावर उभी असताना हाताला घाम सुटला. गेज बसलं असं वाटलं म्हणून तुकडा हिरव्या ट्रेमध्ये टाकला आणि पुढचा घेतला. दोन तुकडे पुढे गेल्यावर बोटांना आठवलं की मघाचा तुकडा अडकत होता. परत काढून बघितला. काठाला चक्क कंगोरा होता. ब्रेकचा भाग. कुणाच्या तरी गाडीला लागणार होता.

तो तुकडा मी लाल ट्रेमध्ये टाकला आणि बायकांच्या खोलीत जाऊन रडले. भुकेने नाही, संतापाने. अकरा वर्षांत जे कधी झालं नाही, ते फिट व्हायच्या नादात व्हायला निघालं होतं. तोंड धुतलं, डबा उघडला आणि अख्खी भाकरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली. पॉइंट लिहिले नाहीत. मोबाइलने संध्याकाळी विचारलं, आज काय खाल्लं? मी लिहिलं, जेवण. त्यानंतर एकदाही तेवीसच्या खाली गेले नाही. वजन उतरायचं तर माझ्या सोयीने उतरेल, असं म्हटलं. आणि उतरलं की! हळूहळू उतरलं.

शेवटचं वजन खंडेनवमीच्या आदल्या दिवशी झालं. एकोणसत्तर पूर्णांक आठ. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या, एचआर साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "दसऱ्यानंतर ऑर्डर हातात." घरी सासूबाईंनी तळहातावर साखर ठेवली. पॉइंट विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन बंद असतात. सगळं पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. आम्हा तपासणीवाल्यांची वेगळी मांडणी असते. पांढऱ्या कापडावर सगळी मोजायची हत्यारं ठेवायची, व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज, आणि प्रत्येकाला हळदकुंकू. मी मांडत होते तेवढ्यात मेडिकल रूमच्या सिस्टर वजनाचा काटा उचलून घेऊन आल्या. "यालाही ठेवा गं, बिचारा वर्षभर मोजतोय."

मी तो हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. आमच्याकडे मोजायचं कुठलंही हत्यार हातात आलं की आधी स्टिकर बघायचा. कधी तपासलं, पुढची तारीख काय. स्टिकर नसेल तर त्या हत्याराने मोजलेलं काहीच धरायचं नाही, लाल टॅग लावून बाजूला ठेवायचं. हे हाताला इतकं बसलंय की मंडईत भाजीवालीचा काटाही मी उलटा करते आणि शिव्या खाते.

काट्याच्या पोटावर काहीच नव्हतं. स्टिकर कधी लागलाच नव्हता. गोंदाची खूणसुद्धा नाही.

टेबलाच्या शेजारणीने बघितलं. तिला कळलं. ती हळूच म्हणाली, "आज पूजा आहे. हळद लाव आणि गप बस."

मी हळद लावली. पण दसऱ्याच्या सुट्टीत पोळीचा घास घेताना, सोनं वाटताना, सारखा तो काटा डोळ्यासमोर. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी डिस्पॅचमधून तपासलेली वीस-वीस किलोची तीन वजनं ट्रॉलीवर घालून मेडिकल रूममध्ये नेली. साठ किलो काट्यावर ठेवले. काट्याने सत्तावन्न पूर्णांक सहा दाखवले. पुन्हा ठेवले. तेच. मग मी डिस्पॅचला गेले, खोकी मोजायच्या मोठ्या काट्यावर चप्पल काढून उभी राहिले. त्याच्यावर स्टिकर होता, तारीखही चालू होती. बहात्तर पूर्णांक सहा.

म्हणजे मी अठ्ठ्याहत्तर कधीच नव्हते, त्याहून तीन किलो जास्तच होते. उतरवलं ते खरं होतं. पण सत्तरच्या आत मी आलेली नव्हते.

शेजारीण माझ्या मागोमाग आली होती. "वेडी आहेस का तू? ऑर्डर साहेबांच्या टेबलावर पडलीय. कुणी बघितलंय? स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घ्यायचा असेल तर मार."

मला तिचा राग आला नाही. तिचं खरंच होतं. ते बटण माझ्यापासून एका सहीवर होतं आणि मी गप्प बसले असते तर जगात कुणाला कळलं नसतं. पण खोट्या गेजवर पास झालेला तुकडा मी अकरा वर्षं लाल ट्रेमध्ये टाकला. आता तुकडा मीच आहे म्हणून हिरव्या ट्रेमध्ये कसा टाकू? मी खिशातून लाल टॅग काढला, तारीख लिहिली, खाली सही केली आणि काट्याला बांधला. गाठ पक्की बसली.

तासाभरात एचआर साहेबांनी बोलावलं. टॅग त्यांच्या टेबलावर होता.

"ताई, हे प्रॉडक्शनचं गेज नाही."

"मग माणसं मोजायला काय, अंदाजपंचे चालतं का? दोन रुपयांच्या वॉशरला स्टिकर लावलेलं गेज लागतं, आणि बाईची बढती ठरवायला हा?"

त्यांनी माझं डिस्पॅचमधलं वजन विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तक्ता बघितला. "म्हणजे तुम्ही अनफिट. मला ऑर्डर थांबवावी लागेल."

"थांबवा. पण नियमाने थांबवा."

आमच्याकडे एक फॉर्म असतो, डेव्हिएशनचा. एखादा तुकडा मापात थोडा चुकला पण कामात कुठेच अडत नसेल, तर तो फेकत नाहीत. हा फॉर्म भरायचा, चूक किती ते खरं लिहायचं, काम का अडणार नाही ते लिहायचं, प्लांट हेडनी सही केली की तुकडा चालतो. अकरा वर्षांत असे शेकडो फॉर्म मी लोखंडासाठी भरले. त्या दुपारी एक स्वतःसाठी भरला.

भागाचं नाव: माझा टोकन नंबर. अपेक्षित माप: सत्तरपर्यंत. प्रत्यक्ष माप: बहात्तर पूर्णांक सहा. कामावर परिणाम: नाही. कारण: दोन बाळंतपणं, अकरा वर्षं उभ्याने नोकरी, ज्वारी. सुधारणा: गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांट हेड साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. साहेब आडव्या अंगाचे, खुर्चीत बसताना एक हात टेबलावर टेकवून बसतात. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. ज्वारीपाशी त्यांच्या मिशा हलल्या.

"ताई, हा फॉर्म माणसांसाठी नाही."

"साहेब, तक्ताही पार्टसारखाच लावलात की. सत्तरच्या आत हिरवा ट्रे, सत्तरच्या बाहेर लाल. मला पार्ट तुम्ही केलंत. फॉर्म मी फक्त भरला."

एचआर साहेब म्हणाले, "फिटनेसचा नियम सगळ्यांना सारखा आहे."

मी या वाक्याचीच वाट बघत होते. "सारखा? मग चारही लाइन लीडरना बोलवा. डिस्पॅचचा काटा चालू आहे, स्टिकर आहे. आत्ता रांगेत उभे करा. नियम आल्यापासून त्यांचं वजन कुणी, कधी केलंय ते कागदावर दाखवा. दाखवलंत तर मी हा फॉर्म इथेच फाडते."

एचआर साहेबांनी समोरची फाइल मिटली. चौघांपैकी एकाचं पोट तर लाइनच्या पट्ट्याला घासतं, हे त्या केबिनमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. जास्त बोललीस, आता नोकरीही जाईल, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. पण जीभ माझी आहे, ती थांबली नाही.

प्लांट हेड साहेब खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "आणि मी?"

"तुम्हीही, साहेब. बूट काढून."

ते मोठ्याने हसले. मग हसणं थांबलं आणि त्यांनी पेन उचललं. मला वाटतं, काट्यावर चढण्यापेक्षा सही करणं त्यांना सोपं गेलं. कसंही असो, सही झाली. फॉर्मवर मुदतीचा रकाना असतो, त्यात त्यांनी लिहिलं, तीन महिने. सुधारणेच्या रकान्यातलं "गरज नाही" खोडायला एचआर साहेबांनी पेन पुढे केलं, तर प्लांट हेड म्हणाले, "राहू द्या."

पाचव्या लाइनीवर पहिल्याच आठवड्यात मी दोनदा बटण दाबलं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा सगळी लाइन एकदम शांत झाली आणि चौथ्या लाइनीचा लीडर ओरडला, "काय झालं?" मी म्हटलं, "बोअर वाढलाय." तो म्हणाला, "जाऊ द्या की ताई." मी हात बटणावरून काढला नाही.

मुदतीचे तीन महिने गेल्या महिन्यात संपले. मला कुणी वजनाला बोलावलं नाही. मेडिकल रूमचा काटा दुरुस्त होऊन आलाय, पोटावर नवा कोरा स्टिकर आहे आणि दर महिन्याला तो तपासायचं काम माझ्याकडे आलंय. घरी भाकरी अजून एकशे वीस ग्रॅमची होते. सासूबाई म्हणतात, आता हाताला तेच वळण पडलंय. मोबाइलमधला पॉइंटांचा प्रोग्रॅम मी काढून टाकला. बिस्किटं मात्र बंदच आहेत, ती मीच बंद केलीत.

दर पहिल्या सोमवारी मी त्या काट्यावर वीस-वीसची तीन वजनं ठेवते. साठ दाखवतो. वहीत साठ लिहिते, सही करते, वजनं उतरवते. सिस्टर दर वेळी म्हणतात, "आता आलाच आहात तर उभ्या राहा ना."

मी म्हणते, ज्या दिवशी साहेब लोक रांगेत उभे राहतील, त्या दिवशी त्यांच्यामागे मीही उभी राहीन. चप्पल काढून.